निसर्ग वादळानंतर रंगवलेलं छत सोलतंय, वरून नुसतं क्लिअर मारून भागेल का?

हर्णै_रोड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ ची वॅगन-आर आहे, चंदेरी रंगाची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. दापोलीहून हर्णैच्या बाजूला शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे खारं वारं, लाल माती आणि चार महिने पाऊस हे गाडीला रोजचंच.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दारातल्या रायवळ आंब्याची मोठी फांदी गाडीवर आली. छत बसलं, बॉनेट चेपलं, डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा आत गेला. तेव्हा लॉकडाउन, वीज नाही, रस्त्यांवर झाडं आडवी. जे गॅरेज उघडं मिळालं तिथे जुलैत डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. गाडी हातात आली तेव्हा छान चकचकीत होती.

आता छताचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, पुढच्या काचेकडून सुटत मागे चाललाय. उन्हाने पाठ सोलावी तसे पापुद्रे निघतात. नख घातलं की आणखी एक तुकडा हातात येतो आणि खालचा चंदेरी रंग करडा, खडूसारखा दिसतो. बॉनेटवर बारीक फोड आलेत. त्यातला एक टोचून पाहिला तर तांबूस पाणी आलं आणि आत गंज. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीची कड बोटाने दाबली तरी चुरा होते. पण दारं आणि सगळी उजवी बाजू अजून कंपनीच्या मूळ रंगात आहे. ती फिकी पडलीय, सुटलेली कुठेच नाही. हेच मला कळत नाही. सोळा वर्षांचा रंग टिकून आहे आणि पाच वर्षांचा निघतोय.

मागच्या वर्षी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण केलं, २०२९ पर्यंत. पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरलाय. इंजिन उत्तम आहे. बाबांची गाडी म्हणूनही आणि मला हिचीच सवय आहे म्हणूनही, विकायची नाही.

तीन ठिकाणी विचारलं. पहिले म्हणाले, छत घासून वरून फक्त क्लिअर मारतो, ६ हजार. दुसरे म्हणाले, पूर्ण गाडी रंगवा, ३८ हजार. तिसरे खेडचे. ते म्हणाले, छत, बॉनेट आणि कमान एवढंच करू, पण पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल, २१ हजार होतील आणि गाडी दोन-तीन आठवडे ठेवावी लागेल. भाचा म्हणतो, मावशी, स्प्रेचे डबे आणतो, मी घरीच करून देतो.

कुणाचं ऐकू? आणि दोन-तीन आठवडे कशाला लागतात?

कोथरूड_डेपो

ताई, माझ्या मित्राने छताला काळं व्हिनाइल रॅप लावून घेतलं, दोन तासांत काम झालं. तुमच्या छतालाही लावता येईल का, विचारून बघा. बॉनेटचं मात्र काही सांगता येत नाही. पत्रा सडला असेल तर जुनं बॉनेट भंगार बाजारात मिळू शकतं, तेही पाहा.

पेंटशॉप_कोल्हापूर

ताई, मी एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आता उद्यमनगरात पुतण्याच्या गॅरेजात रंगाचं काम बघतो. जरा लांबण लावतो, पण तुम्ही विचारलेलं "सोळा वर्षांचा टिकतो आणि पाच वर्षांचा का जातो" हे नीट कळलं की बाकीचे निर्णय तुम्ही स्वतःच घ्याल.

कारखान्यात पत्र्याची कोरी बॉडी आधी धुतात, मग फॉस्फेटच्या हौदात बुडवतात. त्याने पत्र्यावर बारीक स्फटिकांचा थर बसतो आणि रंगाला पकड मिळते. मग ती अख्खी बॉडी प्राइमरच्या हौदात बुडवून वीज सोडतात. त्याला आम्ही सीईडी म्हणायचो. विजेमुळे प्राइमर पोकळ्यांत, सांध्यांत, जिथे गनचा फवारा कधीच पोचणार नाही तिथेही जाऊन बसतो. ती बॉडी भट्टीत १६०-१७० अंशांवर भाजतात. त्यावर सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), त्यावर चंदेरी बेस (दिसणारा रंग), त्यावर क्लिअर, आणि पुन्हा भट्टी, साधारण १४० अंश. एवढं सगळं होऊन रंगाची एकूण जाडी किती, तर १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या भागाएवढी. तुमची दारं टिकली ती या तळामुळे. वरच्या चकाकीचा त्यात फार वाटा नाही.

तयार गाडी पुन्हा त्या भट्टीत घालता येत नाही. वायरी, प्लॅस्टिक, रबर, सीट सगळं वितळेल. म्हणून गॅरेजात वेगळी रसायनं वापरतात. रंगात हार्डनर, म्हणजे त्याला कडक करणारं रसायन, मिसळायचा आणि तो साध्या हवेत किंवा बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंशांवर सुकवायचा. याला टू-के म्हणतात. नीट केलं तर हेही दहा-बारा वर्षं टिकतं, मी टिकलेलं पाहिलंय. पण हार्डनरवाला माल महाग, आणि मिसळल्यावर काही तासांत वापरावाच लागतो. त्यामुळे बरेच जण अजून एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, वापरतात. तो नुसता थिनर उडून सुकतो, आत काही जुळत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच चमकतात. उन्हात एनसीचं क्लिअर दोन-चार वर्षांत ठिसूळ होतं.

तुमच्या छताचं काय झालं असावं? क्लिअरचं एक काम चमकण्याचं आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, उन्हातले अतिनील किरण अडवण्याचं. क्लिअर पातळ असलं किंवा हलक्या जातीचं असलं की किरण त्यातून पार होऊन चंदेरी बेसच्या वरच्या पातळीवर पोचतात. तिथे बेसचा बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा भाग, खडू होतो, धरायला काही उरत नाही, आणि क्लिअर अखंड असूनही पापुद्र्यासारखं सुटतं. तुम्ही लिहिलंय खालचा रंग खडूसारखा झालाय, म्हणजे हेच. छतावर आणि बॉनेटवर ऊन सरळ पडतं, म्हणून आधी तेच जातात.

म्हणून पहिल्या गॅरेजवाल्यांचं "वरून नुसतं क्लिअर" हे करू नका. खडूवर क्लिअर मारलं तर ते खडूला चिकटेल, गाडीला नाही. शिवाय सुटलेल्या क्लिअरची कड कितीही घासली तरी ती पुढे सुटतच असते. नवा थर त्या कडेला घेऊन उठतो. पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही पुन्हा इथेच याल. रॅपचंही तसंच. चिकट पट्टी सुटणाऱ्या थराला धरून राहणार, आणि काढायच्या दिवशी सगळं सोलून येणार. तोपर्यंत आतला गंज चालूच.

बॉनेटच्या फोडांचं कारण वेगळं आहे आणि त्याच्याबद्दल मला जास्त तळमळ वाटते, कारण ते जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होतं आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला की उरलेली खोली पुट्टीने भरतात. आमच्याकडे लांबी म्हणतात. ही पॉलिस्टर पुट्टी, तिच्यात निम्मी भुकटी असते आणि ती पाणी पिते. आता आपल्याकडची पद्धत काय, तर पुट्टीवर पाणी मारत मारत वॉटर पेपरने घासायचं. धूळ उडत नाही, पेपर भरत नाही, हात झपझप चालतो. पण ते पाणी पुट्टीतून झिरपून थेट नागड्या पत्र्यापर्यंत जातं, आणि वरून प्राइमर मारून आपण ते आत कोंडतो. तेही कोकणात, जुलैत, जेव्हा हवाच ओली असते. त्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. गंज तिथूनच सुरू होतो, उन्हाने आतली वाफ रंगाला उचलते आणि फोड येतो. तुम्ही फोड टोचल्यावर तांबूस पाणी आलं म्हणालात, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

गॅरेज ठरवण्याआधी घरी तीन गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

एक, कापसाला थोडं एनसी थिनर लावून छताच्या सोललेल्या कडेजवळ, जिथे क्लिअर अजून आहे तिथे, हलकेच घासा. मग तेच एखाद्या दाराच्या आतल्या कडेला करा. कापसाला रंग आला, पृष्ठभाग चिकट झाला, तर ते एनसी. टू-के आणि कंपनीचा रंग असा विरघळत नाही.

दोन, छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बॉनेटवर फिरवा. जिथे पकड एकदम ढिली होते तिथे पुट्टी जाड आहे.

तीन, चिकटपट्टी घट्ट लावून झटक्यात ओढा. छताच्या मध्यावर, मागच्या टोकाला, बॉनेटवर, आणि तुलनेसाठी दारावर. काय निघून येतं ते बघा.

खेडच्या माणसाने पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल म्हटलं आणि दिवस मागितले, एवढ्यावरून तरी मला तो काम जाणणारा वाटतो.

मालवणी_माणूस

पेंटशॉपवाल्या काकांनी रंगाचं सांगितलं, मी कमानीबद्दल सांगतो. आमच्याकडे गाड्या आतून सडतात. मागच्या चाकाच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेले असतात. त्या खाचेत लाल माती बसते, ओली राहते आणि पत्रा आतून खाते. बाहेर फोड दिसेपर्यंत आतली चाळण झालेली असते. तिथे पुट्टी भरणारे खूप आहेत. काही तर आत जाळी, पेपरचा बोळा कोंबून वरून पुट्टी लावतात. ताई, ते करू देऊ नका. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगा, आणि वेल्डिंगच्या मागच्या बाजूलाही प्राइमर आणि मग मेण किंवा कॅव्हिटी वॅक्स मारायला सांगा. वेल्डिंगने आतला मूळ थर जळतो, त्यामुळे आत काही न लावता सोडलं तर गंज आणखी लवकर येतो.

दुसरं, दारांच्या खालच्या कडेला आणि उंबऱ्याखालच्या पोकळीला पाणी जायला भोकं असतात. ती आपल्या मातीने बुजतात. जुन्या टूथब्रशची दांडी घालून मोकळी करा. पाणी वाहून आलं आणि त्यात तांबूस पत्रीसारखे तुकडे असले तर तो भागही दाखवून घ्या.

खालून काळं अंडरबॉडी कोटिंग मारा म्हणून सांगणारे भेटतील. गंजावर ते मारलं तर ओल आत बंद होते. आधी गंज काढायचा, मग प्राइमर, मग हवं तर ते.

हर्णै_रोड

काका, आणि मालवणी दादा, दोघांचे मनापासून आभार. काल शाळेतून आल्यावर सगळं करून पाहिलं.

थिनरचा कापूस छतावर लगेच करडा झाला आणि तिथलं क्लिअर बोटाला चिकटलं. बॉनेटवरही तेच. दाराच्या आतल्या कडेला बराच वेळ घासलं, काहीच आलं नाही.

चुंबक बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात जवळजवळ धरतच नाही. छताच्या मध्यावर हाताच्या पंजाएवढ्या जागेत ढिलं आहे, बाकी छतावर घट्ट बसतं.

चिकटपट्टीबरोबर छताच्या मागच्या टोकाचं क्लिअरही निघालं, जिथे वरून अजून धड दिसत होतं. बॉनेटवर एका ठिकाणी क्लिअर, चंदेरी आणि खालचा तांबडा थर असं सगळं एकत्र आलं आणि पत्रा दिसला. दारावरून फक्त धूळ आली.

उंबऱ्याची भोकं बुजलेलीच होती. मोकळी केल्यावर लाल चिखल आला, पत्र्याचे तुकडे मात्र नाहीत.

आता दोन प्रश्न. भाच्याचा उत्साह फार आहे, तर छताचं थोडं काम घरी करून पैसे वाचतील का? आणि फक्त छत आणि बॉनेट रंगवलं तर गाडी ठिगळ लावल्यासारखी दिसेल का? दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी याच भीतीने पूर्ण गाडी सुचवली होती.

पेंटशॉप_कोल्हापूर

ताई, फार व्यवस्थित तपासलंत. चिकटपट्टीबरोबर जो तांबडा थर आला तो रेड ऑक्साइड. घराच्या ग्रिलला, लोखंडी दरवाजांना मारतात तो. इथे तो गाडीच्या पत्र्यावर मारलाय, त्यावर पुट्टी, त्यावर एनसी. म्हणजे बॉनेटवर आणि छतावर जे काही आहे ते सगळं जाऊ द्यायचं. वाचवण्यासारखं त्यात काही नाही. एनसी आणि रेड ऑक्साइड तसंच ठेवून वर टू-के मारलं तर त्याच्या थिनरने खालचा थर सुरकुततो.

बॉनेटवर पुट्टी इतकी जाड असेल तर पत्रा नीट ठोकलेलाच नाही. तिथे खर्च करण्याआधी दुसरं बॉनेट बघा. वॅगन-आरचं बॉनेट सहज मिळतं, कोथरूडच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे. मूळ रंगातलं, न ठोकलेलं, कडांना गंज नसलेलं मिळालं तर त्यावर नुसतं घासून सरफेसर, बेस आणि क्लिअर पुरेल. त्याचा कंपनीचा सीईडी थर तुम्हाला फुकट मिळेल. कुठल्याही गॅरेजात तो नव्याने लावता येत नाही, म्हणून तो जिथे शाबूत आहे तिथे उगाच पत्रा नागडा करू नये, हे माझं ठाम मत. याच कारणाने पूर्ण गाडी रंगवायला माझा विरोध आहे. तुमची दारं फिकी आहेत, मेलेली नाहीत. त्यांना रबिंग आणि पॉलिश करा, चकाकी बरीच परत येईल.

ठिगळाचं म्हणाल तर चंदेरी हा जुळवायला सगळ्यात अवघड रंग आहे, हे खरं. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पापड्या असतात. त्या आडव्या पडल्या की समोरून उजळ दिसतं, वेड्यावाकड्या पडल्या की काळसर. ओला हात मारला तर पापड्या खाली बसून रंग गडद होतो, कोरडा मारला तर फिका. डबा एकच, माणूस बदलला की छटा बदलते. तुमच्या गाडीचा रंग सिल्की सिल्व्हर असेल तर कोड झेड२एस. पण कोड हा सोळा वर्षांपूर्वीच्या नव्या गाडीचा, तुमची दारं आता तशी नाहीत. म्हणून पेंटरला सांगा की आधी पत्र्याच्या एका तुकड्यावर बेस आणि क्लिअर दोन्ही मारून, सुकवून, तो तुकडा दाराला लावून भर उन्हात दाखव. समोरून बघा, तिरकं बघा. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका.

छताची फारशी काळजी नाही. ते वेगळ्या पातळीवर आहे, प्रकाश त्यावर वेगळा पडतो, थोडा फरक डोळ्याला कळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना पट्ट्या आहेत, तिथे काम स्वच्छ थांबवता येतं. बॉनेट आणि शेजारचे दोन फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) मात्र एकमेकांना लागून आहेत. उत्तम काम हवं असेल तर बेसचा रंग फेंडरवर थोडा विरत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारायचं. खर्च वाढेल. तो नको असेल तर नमुना चांगला जुळवून फक्त बॉनेट करा. मी तुमच्या जागी असतो तर फेंडरचे पैसे कमानीच्या वेल्डिंगला दिले असते.

कमानीपाशी एक अडचण येईल. तो पत्रा वर मागच्या काचेशेजारच्या खांबापर्यंत आणि तिथून छतापर्यंत सलग जातो, मध्ये सांधा नाही. नवं क्लिअर मध्येच विरवलं तर ती कड पुढे सुटते. तुम्ही छत रंगवणारच आहात, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी करून क्लिअर खांबावरून सलग छताच्या पट्टीपर्यंत न्यायला सांगा. नंतर वेगळं करायला गेलात तर ही सोय राहत नाही.

आता भाच्याचं. मुलाचा उत्साह मोडू नका, पण फवारा त्याच्या हाती देऊ नका. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो. एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही धाप लागते, आणि ते जन्मभर राहतं. रुमाल, करोनाचा मास्क, कापडी फडकं यांनी ते अजिबात अडत नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क हे खरं संरक्षण, निदान रासायनिक वाफेचे कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क तरी हवा, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकून. माझ्याबरोबर काम केलेली, खोकत घरी बसलेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय. बाजारातल्या साध्या डब्यांत हार्डनर नसतो, म्हणजे तुमच्या छतावर पुन्हा तोच कच्चा रंग.

उतरवण्याचं काम तो करू शकतो. छताच्या पट्ट्या, अँटेना काढून ठेवणं, आणि धूळ न खाता, मास्क लावून जुना रंग घासणं. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०. ग्राइंडर नको. छताचा पत्रा पातळ असतो, एका जागी तापला की लहरी येतात आणि त्या परत बसत नाहीत. पण घासलेलं छत त्याच दिवशी गॅरेजात पोचलं पाहिजे. तुमच्या खाऱ्या हवेत नागडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस दिसेल, आणि सगळं पुन्हा घासावं लागेल. जमत नसेल तर तेही त्यांनाच करू द्या.

आरसी_बुक

कागदपत्रांचं थोडक्यात. तोच चंदेरी रंग मारला तर आरटीओत काही करावं लागत नाही. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. रंग जुना होऊन सुटणं ही झीज धरतात, विम्यातून पैसे मिळत नाहीत. वादळात फांदी पडणं मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर त्यात बसतं. आता पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विचार करा, झाड अजून दारात आहेच.

हर्णै_रोड

आरसी_बुक, बरं झालं सांगितलंत. पॉलिसी काढून बघते.

काका, खेडच्या गॅरेजात आज फोन केला. रंग हार्डनरवालाच मारतो म्हणाले, बॉनेट दुसरं शोधायलाही तयार आहेत. मी त्यांना विचारलं की पुट्टी कोरडी घासाल का, तर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मॅडम, वेळ जास्त लागेल, पण करू." कागदावर काय लिहून घेऊ? आणि काम आता लगेच करू की पुढे ढकलू? दिवाळी झाली, पण परवाही पाऊस पडला.

पेंटशॉप_कोल्हापूर

थांबले आणि मग हो म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. लगेच हो म्हणणाऱ्याने प्रश्न ऐकलेला नसतो.

लगेच नको. डिसेंबर उजाडू द्या. हवा कोरडी होते आणि थंडी पडली तरी दुपारी ऊन चांगलं असतं. त्यापुढे फार ढकलू नका. आंबा मोहोरला की तुडतुड्यांचा चिकटा झाडाखालच्या सगळ्यावर पडतो, आणि ताज्या क्लिअरवर तो बसला तर डाग राहतो. रंग झाल्यावर निदान महिनाभर गाडी त्या झाडाखाली लावू नका आणि मेण-पॉलिशही लावू नका. आतला थिनर अजून बाहेर पडत असतो. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढा, कोरडी घासू नका.

कागदावर हे लिहून घ्या, माझ्या शब्दांत देतो. छत पूर्ण पत्र्यापर्यंत उतरवणे. गंजाचे खड्डे पांढरा पत्रा दिसेपर्यंत साफ करणे. गंजावर आम्लाचं औषध वापरलं तर ते पाण्याने पूर्ण धुऊन, सुकवून मगच पुढे जाणे, कारण आम्ल उरलं तर एपॉक्सी प्राइमर धरत नाही. नागड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर. पुट्टी एपॉक्सीच्या वर, पत्र्यावर नाही, आणि ती फक्त कोरडी घासणे. हार्डनर मापात, पुट्टीच्या दोनेक टक्के. लाल हार्डनर जास्त घातला तर पुट्टी लवकर सुकते आणि नंतर रंगातून डाग वर येतो. मग टू-के सरफेसर. तो पूर्ण सुकल्यावर पाण्याने घासला तरी चालेल, शेवटचा हात ६०० किंवा ८०० चा, कारण चंदेरीत ४०० चे ओरखडे दिसतात. बेसचे दोन-तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. क्लिअरचे दोन पूर्ण हात, त्याच दिवशी.

दोन-तीन आठवडे यालाच लागतात. रंग मारायला एक दिवस पुरतो. बाकी सगळं सुकण्याचं आणि घासण्याचं काम आहे.

एपॉक्सी मारल्यावर आणि पुट्टी घासून झाल्यावर, असे दोनदा फोटो पाठवायला सांगा. जमलं तर एपॉक्सीच्या दिवशी स्वतः जा. छत अख्खं एकाच सपाट रंगात दिसलं पाहिजे, मध्ये चकाकणारा पत्रा किंवा तांबडा ठिपका नको. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी रिकामी करता का, हेही विचारा. त्यात पाणी साठतं आणि फवाऱ्यातून ते थेट रंगात येतं. गाडी द्यायच्या आधी आठवडाभर डॅशबोर्डला किंवा टायरला चकाकीचा स्प्रे मारू नका. त्यातलं सिलिकॉन रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पाडतं.

गॅरेजला बंद बूथ नसेल तर क्लिअर सकाळी दहा-अकराला मारायला सांगा, म्हणजे संध्याकाळी दव पडायच्या आत वरचा थर सुकलेला असेल. रात्री गाडी छपराखाली पाहिजे.

बॉनेट मिळालं की रंगवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूचा, कडेच्या घडीचा फोटो इथे टाका. तिथे गंज असेल तर ते घेऊ नका, दुसरं बघू.